पावसाळ्यात दिव्याखाली वाढवलेली टोमॅटो-वांग्याची रोपे पिवळी पडतात: खत वाढवण्याआधी रोपांची रात्र तपासावी

मृगाचा पाऊस एकदा धरला की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. अशा दिवसांत भाजीची रोपे तयार करणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांनी अलीकडे पडवीत किंवा शेडमध्ये एलईडी ट्यूब लावून तिच्याखाली प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचे खणांचे ट्रे, ठेवायला सुरुवात केली आहे. पद्धत चांगली आहे, पण तिच्यासोबत एक तक्रार दर पावसाळ्यात ठरल्यासारखी येते. उगवण एकसारखी होते, पहिले दहा-बारा दिवस रोपे पाहत राहावीत अशी असतात, आणि दुसरे-तिसरे खरे पान उलगडले की टोमॅटोच्या पानांवर शिरांच्या मधल्या भागात फिकट पिवळे ठिपके दिसू लागतात. चार-पाच दिवसांत हे ठिपके एकमेकांत मिसळतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पान जाडसर व कडक होते आणि बोटांत धरून वाकवले तर मोडते. वांग्याचेही तसेच होते. शेजारच्या फळीवर, त्याच कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आणि त्याच पाण्यावर असलेला कोबी आणि फ्लॉवर मात्र हिरवागार असतो. मिरचीची पाने थोडी आखडतात, पण पिवळी पडत नाहीत.

हा त्रास आम्ही लागोपाठ तीन पावसाळे सोसला. पहिल्या वर्षी आम्ही खताची कमतरता समजलो. दुकानातून सल्ला मिळाला, "खत कमी पडलंय बघा, आणि थोडं वाढवा की," म्हणून १९:१९:१९ या विद्राव्य खताची मात्रा वाढवली, आणि पिवळ्या पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या वर्षी लोहाची कमतरता समजून चिलेटेड लोह (पानाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) फवारले. त्याने काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षी बोकड्याची, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या पाने आखडण्याच्या विषाणू रोगाची शंका आली, म्हणून पांढऱ्या माशीसाठी चिकट सापळे टांगले, तर त्यावर जेमतेम एक-दोन माश्या आल्या. वास्तविक बोकड्यात शेंड्याची कोवळी पाने वर वळून लहान राहतात, नत्राच्या कमतरतेत खालचे जुने पान आधी आणि सगळेच्या सगळे फिकट होते, तर लोहाच्या कमतरतेत अगदी वरचे पान आधी पिवळे पडते. आमच्याकडे सर्वांत जास्त पिवळी होती ती ट्यूबच्या थेट खाली येणारी, नुकतीच पूर्ण उलगडलेली पाने. फळीच्या टोकाला, ट्यूबपासून लांब असलेले ट्रे कमी पिवळे होते. ही गोष्ट आमच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या आक्कांनी पहिल्या वर्षीच दाखवून दिली होती, आणि तिच्याकडे आम्ही तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवे होते.

आमची चूक अशी होती की ऊन नाही, म्हणून दिवे चोवीस तास चालू ठेवायचे. जितका उजेड जास्त तितकी वाढ जास्त, हा हिशेब आम्हाला सरळ वाटला. टोमॅटो आणि वांगे या दोन पिकांना तो लागू पडत नाही. अखंड उजेडात या दोन्ही पिकांची पाने पिवळी पडतात, आणि टोमॅटोबद्दल ही गोष्ट वनस्पतिशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदलेली आहे.

आयोडीनची परीक्षा

अंदाजावर चालण्यापेक्षा एक परीक्षा घरी करता येते, आणि या तक्रारीत माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच आहे. पान दिवसा उजेडात साखर तयार करते. त्यातली काही लगेच सुक्रोजच्या रूपाने मुळांकडे आणि कोवळ्या पानांकडे जाते, आणि उरलेली हरितकणांतच (पानाच्या पेशींतल्या हिरव्या कणांतच) स्टार्चच्या बारीक कणांच्या रूपाने साठवली जाते. रात्री हा स्टार्च मोडून त्याची मुख्यतः माल्टोज ही साखर होते, तिच्यापासून पुन्हा सुक्रोज बनते आणि रोपाचा रात्रभराचा श्वास व वाढ त्यावर चालते. म्हणजे निरोगी पान संध्याकाळी स्टार्चने भरलेले आणि पहाटे जवळजवळ रिकामे असले पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ युलियुस साक्स यांनी १८६० च्या दशकात पानातला स्टार्च उजेडात तयार होतो हे दाखवले, आणि आयोडीनची ही परीक्षा त्या परंपरेतली आहे.

एकाच ट्रेमधली, एकाच वयाची दोन पाने घ्यावीत: एक संध्याकाळी सात वाजता, दुसरे पहाटे सहा वाजता. प्रत्येक पान तोडल्याबरोबर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावे, म्हणजे त्यातली साखरेची देवघेव तिथेच थांबते. मग गॅस पूर्ण बंद करावा, कारण पुढच्या पायरीत स्पिरिट वापरायचे आहे आणि ते लगेच पेट घेते. लहान स्टीलच्या वाटीत पान बुडेल इतके स्पिरिट घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत पानाचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि पान मळकट पांढरे होते. ते ठिसूळ झालेले असते, म्हणून कोमट पाण्यात क्षणभर घालून मऊ करावे, पांढऱ्या बशीत पसरावे आणि औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन पातळ चहाच्या रंगाइतके पाणी घालून त्यावर टाकावे. स्टार्च असेल तिथे दोन-तीन मिनिटांत निळा-काळा रंग चढतो. नसेल तिथे पान आयोडीनच्याच पिवळसर तपकिरी रंगाचे राहते. ही परीक्षा कांद्याच्या पातीवर करून पाहू नये, कारण कांदा पातीत स्टार्च साठवतच नाही.

आम्ही पहिल्यांदा ही परीक्षा केली तेव्हा आक्कांनी दोन्ही बश्या पडवीच्या दारात, उजेडाला धरल्या. संध्याकाळचे टोमॅटोचे पान शाई सांडल्यासारखे काळे होते, आणि पहाटेचेही तितकेच काळे होते. त्या पानाला रात्र झालीच नव्हती, त्यामुळे साठवलेले खर्च करण्याची वेळही आली नव्हती. पानाचा कडकपणा आणि जाडी कशामुळे होती हे त्या दोन बश्यांनी एका सकाळी स्पष्ट केले. पिवळेपणाचे सगळे कारण साचलेल्या स्टार्चवर टाकणे मात्र बरोबर नाही. कोबीच्या पानातही अखंड उजेडात स्टार्च साचतो, पण ते पिवळे पडत नाही. आयोडीन इतकेच सांगते की रोपाच्या दिवस-रात्रीच्या हिशेबात बिघाड आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या बाजूचा.

टोमॅटोलाच का, आणि पावसाळ्यातच का

टोमॅटोच्या काही रानटी जातींना अखंड उजेडाचा त्रास होत नाही. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा गुण टोमॅटोच्या सातव्या गुणसूत्रावरील एका जागेशी जोडून दाखवला. तिथला जनुक हरितकणांत उजेड पकडणाऱ्या प्रथिनांपैकी एका प्रथिनाचा आहे, आणि लागवडीच्या वाणांत तो अखंड उजेडात दबतो. रानटी जातीचा हा भाग लागवडीच्या टोमॅटोत आणल्यावर अखंड उजेडातही रोपे निरोगी राहिली आणि उत्पन्न वाढले. आपल्या बाजारात मिळणाऱ्या वाणांवर हे गृहीत धरून चालता येत नाही. बियाण्याचे पाकीट बदलून ही तक्रार जाईल अशी आशा धरू नये.

पावसाळ्यातच त्रास का, या प्रश्नाने मला बराच काळ अडवून ठेवले होते, कारण एकदा थंडीत आम्ही याच दिव्यांखाली, तितकेच तास, टोमॅटोची रोपे वाढवली होती आणि ती बरीच बरी निघाली. उत्तर तापमानात आहे. अखंड उजेड असूनही दिवसातून एकदा तापमान पुरेसे उतरले तर टोमॅटोच्या पानांची इजा टळते, हे १९५० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आहे. रोपाचे आतले घड्याळ उजेडाप्रमाणेच तापमानाच्या चढउतारावरही वेळ लावून घेते. बेळगावात जानेवारीत दुपार आणि पहाट यांत चौदा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. जुलैमध्ये ढगांच्या पांघरुणाखाली तो पाच-सहा अंशांवर येतो, आणि बंद पडवीत, दिव्यांच्या उबेत, तेवढाही राहत नाही. म्हणजे जुलैत आम्ही रोपांकडून रात्रीच्या दोन्ही खुणा, अंधार आणि गारवा, एकाच वेळी काढून घेत होतो.

रोप रात्रीचा हिशेब कसा ठेवते

इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण उपायाचा बारकावा या हिशेबात आहे, आणि आमची तिसऱ्या वर्षीची फजिती तो न समजल्यामुळेच झाली.

मोहरी-कोबीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या लहान रानटी रोपावर या विषयाचे सर्वाधिक काम झाले आहे. त्या रोपाचे पान रात्री स्टार्च वाटेल तसा खर्च करत नाही. तो जवळजवळ एकसारख्या वेगाने उतरतो आणि पहाट होईपर्यंत सुमारे ९५ टक्के संपलेला असतो. आता असे समजू की बारा तासांच्या दिवसानंतर पानात शंभर भाग स्टार्च आहे आणि पुढे बारा तासांची रात्र आहे. मग तासाला आठ भागांच्या आसपास खर्च होतो. त्याच रोपाला एखाद्या दिवशी चार तास आधीच अंधारात ठेवले, तर साठा सत्तरच्या जवळ आणि पुढची रात्र सोळा तासांची. अशा वेळी ते रोप पहिल्याच रात्री वेग कमी करून तासाला साधारण चार भागांवर आणते, आणि साठा नेहमीच्या पहाटेपर्यंत पुरवते. पुढचा बाजार कधी आहे हे माहीत असलेली गृहिणी डब्यातले पीठ पाहून भाकऱ्यांची संख्या ठरवते, तसेच हे आहे. मात्र त्यासाठी बाजाराचा दिवस ठरलेला लागतो. रोपाचा तो दिवस म्हणजे मागच्या पहाटेपासून चोवीस तासांनी येणारी पहाट.

इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटर आणि जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हेच नेमके दाखवले. रोपांना चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस दिला, तरी त्यांचा स्टार्च मागच्या पहाटेनंतर सुमारे चोवीस तासांनी संपला, आणि उरलेल्या अंधारात त्यांना उपास घडला. रात्र ठरलेल्या वेळेपेक्षा काही तास लांबली की वाढ थांबते, आणि उजेड परत आल्यावरही ती लगेच सुरू होत नाही. काही तास साखर तयार होऊन पानात पडून राहते, पण वापरली जात नाही.

याचा रोपवाटिकेतला अर्थ सरळ आहे. संध्याकाळचा उजेड बुडाला तर रोप हिशेब फिरवून सावरते. पहाटेचा बुडाला तर त्याला सावरण्याची संधीच मिळत नाही, कारण तोवर साठा ठरल्याप्रमाणे संपलेला असतो.

पानाची वाढही या घड्याळाला बांधलेली आहे. अरॅबिडॉप्सिसची पाने सर्वांत वेगाने पहाटेच्या सुमारास वाढतात, कारण तेव्हा पेशींत पाण्याचा ताण कमी असतो आणि रात्रीच्या साठ्यातून साखर मिळत असते. भात आणि मका यांचे तसे नाही. त्यांच्या पानाचा वाढणारा भाग जुन्या पानांच्या आवरणात बुडाशी दडलेला असतो आणि तो बहुतांशी तापमानाच्या चढउताराप्रमाणे वाढतो, म्हणून भाताच्या तरव्यावरून कोबीच्या रोपाचा अंदाज बांधू नये.

उपाय, आणि तो करूनही तक्रार परत आली तर

टोमॅटो-वांग्याच्या रोपांना दिवसाला १४ ते १६ तास उजेड आणि सलग ८ ते १० तास अंधार द्यावा. आम्ही पहाटे पाच ते रात्री नऊ ही वेळ ठेवली आहे. अठरा तासांच्या पुढे दिवे चालू ठेवल्याने टोमॅटोच्या वाढीत सांगण्यासारखी भर पडत नाही. विजेचे बिल वाढते आणि पिवळेपणाचा धोका वाढतो. अंधार म्हणजे अंधारच हवा. राखणीचा दिवा असेल तर तो अंगणाकडे तोंड करून लावावा, कारण मंद उजेडाने रोपाचे पोट भरत नाही, पण रात्रीची खूण पुसट होते. नऊ वाजता दिवे गेले की पडवीची एक बाजू जाळीपुरती उघडी ठेवावी, म्हणजे दोन-चार अंशांचा का होईना, गारवा मिळतो. पाणी सकाळी द्यावे आणि कोकोपीटमध्ये पुढच्या पहाटेपर्यंत ओल राहील इतके द्यावे. संध्याकाळी झारीने भिजवलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि पावसाळ्यात त्यातूनच रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

तिसऱ्या वर्षी आम्ही वेळ लावण्यासाठी गोल तबकडीचा, खुंट्यांचा टायमर बसवला. पहिले दहा दिवस टोमॅटो सुंदर होता. पुढे टोमॅटो, वांगी, मिरची आणि या वेळी कोबी-फ्लॉवरसुद्धा एकदम थांबल्यासारखे झाले. नवे पान येईना, खालची पाने सरसकट फिकट होऊन गळू लागली. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या पानांवर आयोडीन टाकले, तर पहाटेचे पान पूर्ण तपकिरी आणि संध्याकाळचेही अर्धवटच निळे. चोवीस तासांच्या दिव्यांखाली दिसले होते त्याच्या हे अगदी उलटे होते. टायमरची तबकडी पाहिली तर ती खऱ्या वेळेच्या पाच तास मागे होती. या टायमरला आत बॅटरी नसते. वीज गेली की तबकडी जिथल्या तिथे थांबते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू लागते. पावसाळ्यात आमच्याकडे तारांवर फांद्या पडून रात्री-अपरात्री वीज जाते. रात्री तीन तास गेली तर पाच वाजताची पहाट आठ वाजता होत होती, आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी पुढे सरकत होती. रोपे दर काही दिवसांनी लांबलेल्या रात्रीत अडकत होती, आणि आम्ही मात्र टायमर लावला आहे म्हणून निश्चिंत होतो.

म्हणून बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. जुना वापरायचाच असेल तर त्याची तबकडी रोज सकाळी मोबाइलच्या घड्याळाशी जुळवावी. आमच्याकडे हे काम आता आक्कांकडे आहे आणि त्या ट्रेला पाणी घालण्याआधी ते करतात. इन्व्हर्टर असेल आणि बॅटरी सगळ्या दिव्यांना रात्री नऊपर्यंत पुरणार नसेल, तर ती संध्याकाळी संपवू नये, पहाटेसाठी राखावी. संध्याकाळी सहाला वीज गेली तर रोपांना अंधारात राहू द्यावे, आणि पहाटे पाचला वीज नसेल तर बॅटरीवर दिवे लावावेत. चार ट्यूबना पुरत नसेल तर दोन लावाव्यात, पण वेळ चुकवू नये. एखाद्या दिवशी संध्याकाळ बुडाली म्हणून दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत दिवे चालू ठेवून भरपाई करू नये.

रोपे लांबट, लुकडी होऊन एका बाजूला झुकत असतील तर ती वेगळी तक्रार आहे. तिथे उजेडाचे तास पुरेसे असले तरी त्याचा जोर कमी असतो, आणि रात्र उबदार असेल तर दांडा अंधारात अधिकच ताणला जातो. ट्यूब आणि पानांमधले अंतर वीतभरावर आणावे आणि रात्रीचा गारवा वाढवावा. तास वाढवून उपयोग होत नाही.

खताबद्दल आमचे मत आता पक्के झाले आहे. अखंड उजेडाने पिवळे पडलेले रोप नत्राने हिरवे होत नाही, आणि उपाशी रोपाला दिलेले जादा नत्र पचवायलाही साखरच लागते. म्हणून दिव्यांची वेळ सरळ होऊन आठवडा होईपर्यंत विद्राव्य खत नेहमीच्या निम्म्यावर ठेवावे.

ट्रे आधीच पिवळे पडले असतील तर ते लगेच फेकू नयेत. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, पण शेंडा जिवंत असेल तर रात्र सुरू केल्यापासून साधारण दहा दिवसांत येणारे नवे पान स्वच्छ हिरवे उलगडते. अशी दोन हिरवी पाने आली की रोपे तीन-चार दिवस शेडनेटखाली बाहेर ठेवावीत आणि मगच शेतकऱ्याला द्यावीत. ज्या रोपांचा शेंडाच आखडून पिवळा झाला आहे ती मात्र काढून टाकावीत. आम्ही गेल्या वर्षी अशी रोपे लावून पाहिली होती, आणि ती शेतात शेवटपर्यंत मागेच राहिली.